रजिस्टर कधी बंद होणार? : प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन घेतलीत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीये, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न : मी कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत प्लॅनिंगला आहे, वय ३३. कंपनीत साधारण २०० माणसं. मालकांनी ईआरपी, म्हणजे स्टोअरपासून डिस्पॅचपर्यंतच्या सगळ्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, घेतलंय आणि मला प्रोजेक्ट मॅनेजर केलंय, म्हणजे नाव तेवढं दिलंय, आधीचं सगळं काम आहेच. ट्रेनिंग झालंय, १ एप्रिलपासून सगळीकडे एकदम चालू करायचंय. स्टोअर आणि डिस्पॅचवाले कसंबसं करतायत, पण मेल्टिंग आणि मोल्डिंगमध्ये कोणी हात लावत नाही. मेल्टिंगचे सुपरवायझर ५६ वर्षांचे आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, ३० वर्षं हीट रजिस्टर, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक वितळणीची वही, तेच लिहितात. परवा सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मॅडम, ह्यो कॉम्प्युटर बघून लोखंड वितळत न्हाई." सगळे हसले. घरी येऊन मला रडू आलं. कसं समजवायचं यांना? का आता कडकच व्हावं?

उत्तर : ताई, आधी रडू आलं त्याबद्दल. आपल्या वडिलांच्या वयाचा माणूस चारचौघांत असं बोलला की लागणारच, त्यात तुम्ही कच्च्या आहात असं काही नाही. पण कडक व्हायचा विचार जरा बाजूला ठेवा, मामांशी अजून तुमचं नीट बोलणंच झालेलं नाहीये असं मला पत्रावरून वाटतंय.

माझे बाबा बँकेत होते. शाखेत शनिवारी लेजर बॅलन्सिंग असायचं आणि कुणाचा ताळा जुळला नाही, पाच-दहा पैशांचा फरक राहिला की त्या काउंटरवरून हाक यायची, जरा येता का. बाबा जाऊन उभे राहायचे, पेन्सिलीचं टोक कॉलमवरून खाली सरकवत जायचे, ओठ हलायचे, आणि एका जागी पेन्सिल थांबायची. इथे सातचा एक झालाय. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, मग शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची मशिनं यायला लागली, युनियन आणि बँका यांच्यात करार झाले, १९९३ मध्ये पुन्हा झाला, किती आणि कुठे संगणक लावायचे, चालवणाऱ्याला वेगळा भत्ता किती, हे सगळं टेबलावर बसून ठरलं. नोकरी कुणाची गेली नाही, बाबांचीही नाही. पण शनिवारी हाक येणं बंद झालं. त्या दोन वर्षांत बाबा घरी किती गप्प असायचे ते मला आत्ता कळतं, तेव्हा आम्हाला वाटायचं बीपी वाढलंय.

मामांचं रजिस्टर म्हणजे तीच पेन्सिल आहे. कुठल्या हीटला किती पिग आयर्न, किती स्क्रॅप, किती रनर-रायझर (आधीच्या ओतकामातून कापून काढलेलं लोखंड) परत टाकलं, टॅपिंगला, म्हणजे भट्टीतून रस काढताना, टेम्परेचर किती होतं, हे मालकांना रात्री दहाला हवं असेल तर मामांना फोन लागतो. उद्या ते स्क्रीनवर दिसणार, मग फोन कशाला येईल? हे मामा तोंडाने कधीच बोलणार नाहीत. ते लोखंड वितळत न्हाई एवढंच म्हणणार. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं की बदल आणताना पहिला कागद काढा तो "कुणाचं काय जातंय" याचा. प्रत्येक नावापुढे लिहा, पैसा जातोय का, वेळ जातोय का, मान जातोय का, का नुसती भीती आहे. फायद्यांची यादी तर विकणाऱ्या कंपनीने दिलेलीच असते, ही यादी कोणीच देत नाही, ती आपणच करायची.

आता तुमच्याकडे ही यादी कशी दिसेल ते मी अंदाजाने सांगते, तुम्ही ताडून बघा. मोल्डिंगवाल्यांचं भय वेगळं असणार. रजिस्टरमध्ये रिजेक्शन लिहितात ते दिवसाचं एकत्र, वाळूच्या दोषाचे एवढे, ब्लो होलचे (हवेच्या पोकळीचे) एवढे. ईआरपीत ते शिफ्ट, मशीन आणि माणसाच्या नावाने पडतं. ज्याचा इन्सेंटिव्ह त्यावर आहे तो माणूस स्वतःच्या हाताने ती एन्ट्री खरी का करेल? तुम्ही १० ट्रेनिंग घेतलीत तरी करणार नाही. बदलाच्या शास्त्रात एडीकेएआर नावाचं एक मॉडेल आहे, त्यात पाच पायऱ्या सांगतात, बदल का ते कळणं, मग तो हवासा वाटणं, मग कसं करायचं ते कळणं, मग प्रत्यक्ष जमणं, आणि शेवटी ते टिकणं. आपल्याकडे सगळे सरळ तिसऱ्या पायरीवर उडी मारतात कारण ट्रेनिंगचं बिल लावता येतं. तुमची माणसं दुसऱ्या पायरीवर अडकलीत. त्यावर उपाय मालकांच्या हातात आहे. त्यांच्याकडून एक नोटीस सहीनिशी लावून घ्या की पहिले सहा महिने सिस्टिममधल्या आकड्यांवरून कुणाचाही पगार, इन्सेंटिव्ह किंवा हजेरी कापली जाणार नाही. तोंडी नको, बोर्डावर हवी. आणि सहा महिने तो शब्द पाळला गेला पाहिजे, एकदा जरी मोडला तरी पुढची पाच वर्षं खोट्या एन्ट्र्या मिळतील.

मामांसाठी वेगळं करायचं. लॅपटॉप घरी ठेवा आणि एक पूर्ण सेकंड शिफ्ट त्यांच्या शेजारी बसा. एक हीट चार्जिंगपासून टॅपिंगपर्यंत बघा, ते कधी लिहितात, कुठे उभं राहून लिहितात, हातात ग्लोव्ह असतो का, स्पेक्ट्रोचा, म्हणजे लॅबमधल्या धातू तपासणीचा, रिपोर्ट आला नसेल तर जागा रिकामी ठेवतात का. तुमच्या स्क्रीनवर १५-१७ रकाने असतील आणि सगळे भरल्याशिवाय सेव्ह होत नसेल, मी लिहून देते. भट्टीपाशी उभ्या माणसाला सहा रकाने पुरतात. बाकीचे आपोआप यावेत किंवा लॅबने भरावेत. हे बदलून आणा आणि मामांना सांगा की तुमच्या रजिस्टरवरून स्क्रीन केलाय, चुकलं असेल तर सांगा. त्यांच्या शब्दांत मराठी लेबलं लावा. शिफ्टच्या पोरांना ही एन्ट्री शिकवायचं काम मालकांनी मामांना द्यावं, सगळ्यांसमोर द्यावं आणि काहीतरी भत्ता धरून द्यावं. हाक येत राहिली पाहिजे.

आणि मालकांनी रात्रीचा फोन बंद करायचा. हे सांगायला धीर लागतो पण सांगायलाच हवं. मालकच जर स्क्रीन न बघता मामांना विचारत असतील आज किती टन झालं, तर अख्ख्या शॉपला कळतं की खरा आकडा अजून रजिस्टरमध्येच आहे. बदल कसा आणावा यावर लिहिणारे अभ्यासक जॉन कॉटर यांनी बदलाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, त्यात वरची काही माणसं एकत्र येऊन बदलाच्या मागे उभी राहणं ही फार सुरुवातीची पायरी आहे, ती राहिली की पुढचं सगळं डळमळतं. तुमच्याकडे तीन जणांची गाठ बांधा, मालक, मेंटेनन्स किंवा प्रॉडक्शनचा ज्याचं शॉपवर ऐकतात असा एक, आणि तुम्ही. दर शनिवारी २० मिनिटं, उभ्याने.

१ एप्रिलबद्दल स्पष्ट बोलते, सगळं एकदम करू नका. मार्चअखेर म्हणजे डिस्पॅचची घाई, स्टॉक मोजणी, ऑडिट. ओपनिंग बॅलन्ससाठी ती तारीख सोयीची आहे हे खरं, म्हणून स्टोअर आणि डिस्पॅच १ एप्रिलला घ्या, मेल्टिंग-मोल्डिंग दोन-अडीच महिने मागे ठेवा. त्या वेळात आयटम मास्टर, म्हणजे सिस्टिममधली सगळ्या मालाची यादी, धुऊन काढा. एकाच कास्टिंगला ड्रॉइंग नंबर वेगळा, कस्टमरचा पार्ट नंबर वेगळा आणि शॉपवर नाव तिसरंच, "मोठी टोपी" वगैरे, असं असणारच. ते तिसरं नाव सिस्टिममध्ये घाला. अर्धी भांडणं तिथेच मिटतात, कारण माणूस शोधायला जातो टोपी आणि स्क्रीन दाखवते आकडे.

रजिस्टर आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवायचा काळ मात्र तारीख लिहून ठरवा. चार आठवडे, फार तर सहा. तारीख नसली की दोन्ही कायमचे चालतात, माणसं दुप्पट कामाने वैतागतात आणि रजिस्टरच जिंकतं. शेवटच्या दिवशी शेवटच्या पानावर मामांची सही घ्या, मालकांनी ते रजिस्टर स्वतःच्या केबिनमध्ये ठेवावं, रद्दीत नाही.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, चूक करून शिकलेय. चाकणच्या एका गोडाऊनमध्ये बारकोड स्कॅनर आणायचं काम माझ्याकडे होतं. ६० माणसांना हॉलमध्ये बसवून ट्रेनिंग दिलं, सह्या घेतल्या, फोटो काढले. चालू केलं त्या रात्री जी पोरं कामाला आली ती कॉन्ट्रॅक्टरने बदलून पाठवलेली, त्यातल्या एकानेही स्कॅनर हातात धरलेला नव्हता. सकाळी गाड्यांची रांग गेटबाहेर रस्त्यावर गेली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही परत कागदावर आलो. रात्री नक्की कोण येतं हा एक प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, सात वर्षं झाली, दोन वर्षं टीम लीड. प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय. पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट करू का? सगळे म्हणतात त्याशिवाय कॉल येत नाहीत.

उत्तर : करा, पण कशासाठी ते डोक्यात स्पष्ट ठेवून करा. पीएमपी देणारी पीएमआय ही संस्था १९६९ पासून आहे, तिचं सर्टिफिकेट जगभर ओळखतात, एचआरच्या चाळणीतून नाव पुढे जायला मदत होते हे खरंच आहे. पदवी असेल तर प्रोजेक्ट सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, ३५ तासांचं ट्रेनिंग लागतं, परीक्षेला १८० प्रश्न. नंतर दर तीन वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे पुढे शिकत राहिल्याचे पॉइंट, जमवावे लागतात, नाहीतर ते टिकत नाही. तुमची दोन वर्षांची लीडगिरी ३६ महिन्यांत बसते का ते आधी मोजा, टीमला टास्क वाटणं आणि प्रोजेक्ट सांभाळणं यात ते फरक करतात आणि अर्जाची तपासणीही लागू शकते. बसत नसेल तर त्याच संस्थेचं सुरुवातीच्या पातळीचं सीएपीएम आहे, त्याला अनुभवाची अट नाही.

एक गोष्ट बघा, २०२१ ला त्यांनी परीक्षेचा आराखडा बदलला तेव्हा माणसं सांभाळण्याच्या भागाला ४२ टक्के वजन दिलं. ते पुस्तक वाचून पाठ होतं, येत मात्र नाही. म्हणून अभ्यास चालू असताना ऑफिसात एक छोटं काम स्वतःहून मागून घ्या, ज्यात दुसऱ्या डिपार्टमेंटचे लोक आहेत आणि ते तुम्हाला रिपोर्ट करत नाहीत. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर हलवायचंय, जुना सर्व्हर बंद करायचाय, असलं कुणाला नको असलेलं काम. तिथे अधिकार नसताना काम करून घ्यायला लागतं आणि ती सवय पुढे फार उपयोगी पडते.

आणि दोन वह्या घाला, एक्सेल चालेल. एकीत काय बिघडू शकतं, कधी कळेल, तेव्हा कोण काय करणार. दुसरीत कुठला निर्णय कुणी, कुठल्या तारखेला, कशामुळे घेतला. चार महिन्यांनी क्लायंट म्हणतो आम्ही असं बोललोच नव्हतो, तेव्हा दुसरी वही उघडायची, आवाज न चढवता. बाकी गँट चार्ट, जिरा वगैरे टूल आठवड्यात येतात, त्याची काळजी करू नका.

प्रश्न : माझा प्लॅन कागदावर बरोबर असतो तरी दर वेळी दोन-तीन आठवडे उशीर होतोच. टीम चांगली आहे. कुठे चुकतंय? (इंटिरियर कॉन्ट्रॅक्टर, ठाणे)

उत्तर : तुम्ही बहुतेक कामाचे दिवस मोजताय, थांबण्याचे मोजत नाही. सुतार चार दिवसांत काम करतो पण लॅमिनेटचा शेड क्लायंटने पक्का करायला नऊ दिवस घेतले, हे नऊ तुमच्या प्लॅनमध्ये कुठेच नसतात. मागच्या तीन साइट्स काढा आणि फक्त एवढंच लिहा की काम कुठे थांबलं होतं आणि कुणासाठी. सोसायटीची परवानगी, लिफ्टची वेळ, मार्बल, क्लायंटचं हो. जे तिन्हीकडे आलं ते पुढच्या प्लॅनमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून घाला, तारीख आणि नावासकट. मग कुठली कामं एकामागे एक अडकलेली आहेत ती साखळी लाल पेनाने काढा, त्या साखळीतला एक दिवस गेला की हँडओव्हरचा दिवस गेला, बाहेरच्या कामांत दोन दिवस इकडेतिकडे चालतात.

दिल्ली मेट्रोच्या साइट्सवर ई. श्रीधरन यांनी उलटी घड्याळं लावली होती, काम संपायला किती दिवस उरलेत ते सगळ्यांना दिसेल अशी. तुम्ही घड्याळ नको, क्लायंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सोमवारी सकाळी एक ओळ टाका, "हँडओव्हरला ४१ दिवस, तुमच्याकडून किचनच्या शेडचा निर्णय गुरुवारपर्यंत हवा, नाहीतर ४१ चे ४४ होतील." पहिल्या सोमवारी त्यांना जरा खटकेल. पाठवत राहा.