‘तंतोतंत’ नकाशा आणि विणकराचा माग

‘पृथ्वीचा तंतोतंत सपाट नकाशा’ असे म्हणावे की ‘अचूक सपाट नकाशा’, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. ‘जगाचा खरा, तंतोतंत नकाशा अखेर सापडला’ अशा मथळ्याचे चित्र अलीकडे मोबाइलवर इतक्यांदा येऊन आदळते की, उत्तर थोडे रागानेच देत आहे. दोन्ही चूक. ‘अचूक’ हा नेमबाजाचा शब्द आहे. नेम कशावर धरला ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

खरी गंमत ‘तंतोतंत’मध्ये आहे. माझ्या मते हा शब्द विणकराच्या घरचा, म्हणजे तंतूला तंतू जुळलेला. काही विद्वान त्याचे नाते ‘तंत्रा’शी जोडून ‘नियमाप्रमाणे’ असा अर्थ काढतात आणि कोष्ट्याचा संबंध झटकून टाकतात. पण संस्कृतात ‘तंत्र’ म्हणजे मुळात माग आणि मागावरचे उभे धागे हे ते सोयीस्कर विसरतात. फिरून भोपळे चौकातच! तंतू आणि तंत्र दोन्ही ‘तन्’ या धातूपासून आले, आणि आपले ‘ताणणे’ही त्याच कुळातले. इंग्रजी ‘मॅप’सुद्धा ज्या लॅटिन ‘मॅपा’वरून आला, त्याचा अर्थ हात पुसायचे फडके.

आता ओटीच्या नारळावर खण घट्ट बसवून पाहावा. कोठेतरी चुणी पडतेच, आणि चुणी नको असेल तर कापड ताणावे लागते. शिंपी ब्लाउजला टक्स घालतो तो याच कारणासाठी. नकाशात हा पेच उलटा असतो, कारण तेथे गोल पृष्ठभाग सपाट करायचा असतो. पण फाडल्याशिवाय किंवा ताणल्याशिवाय तो सपाट होत नाही. पृष्ठभागावरची सगळी अंतरे कायम ठेवून गोलाचा तुकडासुद्धा सपाट करता येत नाही, हे जर्मन गणितज्ञ गाउसच्या 1827 मधील सिद्धांतावरून ठरून गेले आहे.

नकाशाकार मर्केटरने 1569 मध्ये आपल्या जगाच्या नकाशात कोन सांभाळले, त्यामुळे होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग त्याच्या नकाशावर सरळ रेषेत येतो; पण 60 अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट ताणले गेले. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे 14 पट असूनही त्या नकाशात दोन्ही जवळपास सारखी दिसतात. क्षेत्रफळ सांभाळणाऱ्या नकाशांत आकार बिघडतात. संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजावर उत्तर ध्रुव मध्ये ठेवून काढलेला जो नकाशा आहे, त्या पद्धतीत ध्रुवापासूनची अंतरे बरोबर येतात, इतर कोणत्याही दोन ठिकाणांमधली सहसा येत नाहीत. सपाट पृथ्वीवाले नेमका असाच नकाशा पुरावा म्हणून नाचवतात, ही त्यांची निवड मला मनापासून आवडते.

तेव्हा ‘क्षेत्रफळात अचूक’, ‘कोनांत अचूक’ असे लिहावे. नुसते ‘अचूक’ लिहू नये. ‘तंतोतंत’ पृथ्वीच्या गोळ्यालाच शोभेल. शेताच्या मोजणीच्या नकाशाला मात्र तो शब्द खुशाल लावावा, कारण एक किलोमीटर रुंदीच्या शिवारात पृथ्वीच्या गोलाईचा मधला फुगवटा जेमतेम दोन सेंटिमीटर भरतो, आणि बांधावरून भांडणारे भाऊबंदही तेवढ्यावरून कोर्टात जात नाहीत.