मूत्रनलिकेत मोठा खडा अडकला तर किडनी काढावीच लागते का?

‘वडिलांच्या डाव्या मूत्रनलिकेत १८ मिमीचा खडा, किडनी सुजलेली, डॉक्टर म्हणतात काढून टाका’ हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही.

आम्ही कुडाळचे. बाबांना कुशीत कळा यायच्या, त्यावर कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं चालू होती. मग कळा थांबल्या. “दुखूचा थांबला म्हणजे खडो पडलो,” असं आबाकाकांनी ठरवून टाकलं आणि ७ महिने कुणी सोनोग्राफी केली नाही. खडा तिथेच होता, डाव्या मूत्रनलिकेत, २१ मिमीचा. नळी असते जेमतेम ३-४ मिमीची, कढणाने काय पडणार? रक्तातलं क्रिएटिनीन (किडनीचं काम बिघडलं की वाढतं ते) मात्र नॉर्मल, कारण उजवी किडनी दोघींचं काम ओढत होती.

पहिल्या डॉक्टरांनी नुसती सोनोग्राफी बघून “किडनी गेली, काढा” म्हटलं. आबाकाका लगेच तयार. “एका किडनीवर माणूस जगता.” मी अडून बसले आणि बाबांना करूळ घाटाने कोल्हापूरला नेलं. तिथे आधी पाठीतून किडनीत बारीक नळी घातली. साचलेलं निघून गेल्यावरही पिशवीत रोज ६००-७०० मिली लघवी यायची, मी स्वतः मोजायचे. मेलेली किडनी एवढी लघवी करते का? ५ आठवड्यांनी डीटीपीए स्कॅन केला, म्हणजे कोणती किडनी किती काम करते ते दाखवणारा. एकूण कामात डाव्या किडनीचा वाटा २६ टक्के निघाला. मग कुशीत ३ छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने खडा अख्खा काढला, मूत्रनलिकेला टाके घातले, आत डीजे स्टेंट (लघवीची वाट मोकळी ठेवणारी तात्पुरती बारीक नळी) ठेवला. चौथ्या दिवशी बाबा घरी.

लेसरनेही फोडतात, पण असा जुना, रुतून बसलेला खडा फोडायला वेळ लागतो आणि तुकडे वर किडनीत पळतात. खडा मूत्रनलिकेच्या वरच्या भागात असेल तर पाठीतूनही काढता येतो. पद्धत सर्जनला ठरवू दे. किडनी काढायची की नाही हे मात्र नळी घालून, स्कॅन केल्याशिवाय कुणालाही ठरवू देऊ नका.

थंडी-ताप असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दाखल करा. नळी घालूनही वाटा १० टक्क्यांच्या खाली राहिला आणि पू होत असेल, तर काढणंच बरं. आणि स्टेंट काढायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा, विसरला तर त्याच्यावरच खडे चढतात.

आबाकाका दर चतुर्थीला अजून म्हणतात, “एकाच ऑपरेशनात भागला असता.” गेल्या वर्षी बाबांना पुन्हा खडा झाला, ९ मिमीचा. या वेळी उजव्या किडनीत.