दाणा आतून ओला, बाहेरून कोरडा

पाऊस लागला की रस्त्याच्या कडेला पानांच्या पुडक्यांतून अळमी, म्हणजे रानातली अळंबी, विकायला येतात, आणि त्याच सुमारास माझ्याकडे घरच्या लागवडीचे प्रश्नही येऊ लागतात. या खेपेला बहुतेक प्रश्न धिंगरी या लागवडीच्या अळंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) बियाण्याचे, म्हणजे स्पॉनचे आहेत.

प्रश्न (डिचोली): धिंगरी पेंढ्यावर छान येते. मग धान्य शिजवा, कुकर लावा, हा खटाटोप कशासाठी?

उत्तर: पेंढा हे शेत आणि धान्य हे बियाणे. बुरशीचे पांढरे तंतू दाण्यादाण्यात भिनले की प्रत्येक दाणा पेंढ्यात एक नवी सुरुवात करतो. फरक इतकाच की पेंढा निकस असतो, त्यामुळे तासभर ८० अंशांच्या गरम पाण्यात ठेवला तरी भागते. धान्य सकस. ते आपल्या धिंगरीला जेवढे आवडते तेवढेच हवेतल्या प्रत्येक बुरशीला आणि जिवाणूला आवडते. म्हणून ते वाफेच्या दाबाखाली पूर्ण निर्जंतुक करावे लागते.

तुम्ही अगदी नवे असाल तर पहिल्या दोन-तीन वेळा तयार बियाणेच घ्या. ओल्ड गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत चौकशी करा. चांगले बियाणे कसे दिसते, त्याला कसा वास येतो हे एकदा हातात घेऊन कळले की आपले चुकलेले ओळखता येते.

प्रश्न (काणकोण): घरी उकडे तांदूळ आहेत, थोडे कोरगुट जातीचे, तुसासकटचे भातही आहे. चालेल का?

उत्तर: तांदूळ नको, भात चालेल. सोललेला तांदूळ शिजला की फुटतो, चिकटतो आणि त्याचा गोळा होतो. गोळ्याच्या आत हवा जात नाही आणि तंतू अडतात. भाताचे तूस दाण्याला धरून ठेवते. तरी माझी पसंती ज्वारीला. दाणा लहान, म्हणजे किलोमागे दाणे जास्त, आणि तो पटकन फुटत नाही. गहूही उत्तम. मात्र पेरणीसाठी विकलेले बियाणे कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेले असते, बऱ्याचदा रंगही लावलेला असतो. त्यावर अळंबी येणार नाही.

प्रश्न (फोंडा): धान्य नेमके किती शिजवायचे? कोणी १५ मिनिटे सांगतो, कोणी अर्धा तास.

उत्तर: घड्याळ बाजूला ठेवा, दाणा बघा. सगळे यश-अपयश इथेच ठरते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

धान्य निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घाला. यामागे कारण आहे. धान्यावरच्या काही जिवाणूंचे बीजाणू कठीण कवचात झोपलेले असतात आणि नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. भिजवल्यावर त्यातले पुष्कळसे जागे होतात, आणि जागे झालेले उष्णतेला लवकर बळी पडतात.

सकाळी पाणी बदलून मंद आचेवर उकळा. दहा मिनिटांनी एक दाणा काढून नखाने चिरा. मध्ये पांढरा कोरडा ठिपका असेल तर अजून वेळ आहे. ठिपका गेला, दाणा बोटाने दबतो पण साल शाबूत आहे, की लगेच उतरवा. शंभरात चार-पाच दाणे फुटले तर बिघडत नाही. त्याहून जास्त फुटले तर ती खेप कोंबड्यांना घाला.

मग चाळणीत निथळून स्वच्छ सुती कापडावर पातळ पसरा. आपल्या पावसाळी हवेत इथे खरी परीक्षा होते. मे महिन्यात अर्ध्या-पाऊण तासात सुकणारे धान्य आषाढात दोन-तीन तासांनीही ओलसर लागते. पंखा लावा, अधूनमधून हलवा. मूठभर दाणे कोऱ्या कागदावर ठेवून उचला. कागदावर ओला डाग उमटला तर थांबा. माझी पहिली सहा पाकिटे मी याच घाईत भरली होती आणि सहाही आंबली.

सुकलेल्या धान्यात, मूळ एक किलोला साधारण २० ग्रॅम जिप्सम आणि ५ ग्रॅम चुनखडीची भुकटी मिसळा. जिप्समने दाणे सुटे राहतात, चुनखडीने आंबटपणा आवरतो. पानाला लावायचा चुना इथे चालणार नाही, तो फार तीव्र असतो.

प्रश्न (पेडणे): पाच पिशव्यांपैकी तिघींना पाणी सुटून आंबूस वास आला, एक हिरवी पडली. मी कुकरच्या तेरा शिट्ट्या केल्या होत्या.

उत्तर: आंबूस वास आणि पाणी हे जिवाणूंचे काम, धान्य ओले राहिले किंवा वाफ कमी पडली. हिरवी बुरशी बहुधा नंतर, शिजवलेल्या धान्यात विरजणासारखे थोडे तयार बियाणे घालताना हवेतून शिरली. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळ्या चुका झाल्या असाव्यात.

शिट्ट्या मोजू नका. पूर्ण दाब आल्यावर आच मंद करा आणि तिथून दीड तास धरा. पूर्ण दाबाला आत सुमारे १२१ अंश तापमान असते, आणि पिशवीच्या पोटापर्यंत ते पोचायला वेळ लागतो. तळाला जाळी ठेवा, पाणी भरपूर घाला. एवढ्या वेळात कुकर कोरडा पडणे धोक्याचे आहे, म्हणून स्वयंपाकघर सोडून जाऊ नका. रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आधी तपासा. झाकण दाब आपोआप उतरल्यावरच उघडा. पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या हव्यात, साध्या प्लॅस्टिकच्या वितळतात. अर्धा किलोहून मोठी पिशवी घरच्या कुकरात घालू नका. तोंडाला कापसाचा बोळा आणि त्यावर फॉइल, म्हणजे बोळा भिजत नाही.

पिशव्या रात्रभर थंड होऊ द्या. बियाणे घालताना पंखा बंद, खिडक्या बंद. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीला हात जातील अशी दोन भोके पाडा, आतून स्पिरिटने पुसा आणि त्यातच काम करा. पेटीत स्पिरिटची वाफ असताना काडी किंवा दिवा पेटवू नका. प्रत्येक पिशवीत दोन चमचे बियाणे पुरते.

हिरवी पिशवी घरात उघडू नका, हुंगू नका. तशीच बाहेर नेऊन लांब पुरून टाका.

प्रश्न (सांगे): वारुळावरच्या अळमीचे बियाणे असेच धान्यावर करता येईल का? चवीला तिच्यासारखी दुसरी नाही.

उत्तर: चवीचे अगदी खरे आहे, पण नाही. ती टर्मिटोमायसिस या बुरशीच्या प्रजातीतली. वाळवी वारुळाच्या आत या बुरशीची बाग राखते, तिला चघळलेले काष्ठ पुरवते, आणि पावसात तीच बुरशी छत्री होऊन वर येते. वाळवीशिवाय ही अळमी कुकर आणि ज्वारीवर उगवत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, वारूळ फोडू नका, आणि सगळ्या कळ्या उपटू नका. काही छत्र्या उमलू द्या, त्यांचे बीजाणू रानात पडू द्या.

प्रश्न (मडगाव): श्रावणात घरी मासे नसतात. गणेश चवथीपर्यंत धिंगरीचे तोणाक (रस्सा) व्हावे तर सुरुवात कधी करू?

उत्तर: धान्यावर तंतू पसरायला दोन आठवडे, पिशवी तिसरा भाग पांढरी झाली की एकदा हलवून दाणे मोकळे करा. पुढे पेंढ्याच्या पिशवीला १५ ते २० दिवस, आणि पहिल्या तोडणीला आणखी आठवडा. अधिक महिना नसेल तर आषाढी एकादशीला धान्य भिजत घाला. एखादी खेप बिघडली तरी आठवडाभर हाताशी राहतो. श्रावणातच हवी असेल तर बियाणे तयार घ्या. उरलेले धिंगरीचे बियाणे फ्रिजमध्ये महिनाभर टिकते. दुधी अळंबीचे मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, तिला थंडी सोसत नाही.