नव्याने मशीनवर उभा राहणार आहेस, तर आधी कानांचं बघ

पहिल्याच आठवड्यात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, करून घे. आज कान कसे आहेत याची नोंद हातात असली, तरच पुढच्या वर्षी फरक कळेल.

हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागत असेल, तर तिथे साधारण 85 डेसिबल किंवा त्याहून जास्त गोंगाट आहे असं धर. 85 ला आठ तास ही मर्यादा मानतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. 88 ला चारच तास! कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. आधी जातात ते बारीक, तीव्र स्वर, म्हणून बरीच वर्षं पत्ताच लागत नाही.

फोमचा प्लग नुसता कानात खोचू नकोस. स्वच्छ हातांनी वळून बारीक कर, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढ, प्लग आत सार आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेव. नीट बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटतो. बोलायला म्हणून मध्येच काढू नकोस, बाजूला जाऊन बोल. थोडा वेळ काढला तरी दिवसभराचं संरक्षण बरंच घटतं.

खरं तर प्लग हा शेवटचा उपाय. सैल पत्रा, झिजलेलं बेअरिंग, हवेची गळती दिसली की सुपरवायझरला सांगच, संकोच करू नकोस. शिफ्टनंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर त्याच दिवशी कळव.