कोल्हापुरात राहून लेंतमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, मटण सोडायलाच हवं का? आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एकत्र लेंत पाळतात म्हणजे नक्की काय करतात?

मटणाचं तुमच्या घरचं तुम्ही ठरवा. चाळीस दिवसांत सहा रविवार धरत नाहीत, म्हणून राखेच्या बुधवारपासून (लेंतचा पहिला दिवस, कपाळाला राख लावतात तो) ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस भरतात. तेव्हा मोजणीच्या नियमाने रविवारचा तांबडा-पांढरा सुटतच नाही. पण मटण सोडलं आणि वाचलेले पैसे खिशातच राहिले, तर ती काटकसर झाली. मी तरी त्याला उपवास म्हणणार नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. 1852 साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर इथे आले, पुढे मिशन प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) झालं, आणि त्या परंपरेत लेंतचा आग्रह नव्हता. म्हणून काही वडीलमंडळी अजून म्हणतात, हे कॅथलिकांचं, आणि उपवास तर गुप्तपणे करायचा, बायबलातलं मत्तय 6 वाचा. वाचलाय. त्यांनी योएल 2:15-16 पण वाचावं. तिथे उपवास नेमून सगळी मंडळी गोळा करायला सांगितलंय, वडीलधाऱ्यांपासून अंगावर पिणाऱ्या लेकरांपर्यंत. दिखावा नको, हे मान्य. त्यासाठी एकत्र येणं कशाला टाळायचं?

शुक्रवारी संध्याकाळी एकत्र जेवण ठेवा, एकच पदार्थ. भाकरी-पिठलं मनात येतं, पण साठ माणसांना सव्वाशे भाकऱ्या लागतात आणि बायका अख्खी उपासना चुलीपाशी काढतात. ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. मुगाची खिचडी करा: 4 किलो तांदूळ, 2 किलो डाळ, म्हणजे माणशी 100 ग्रॅम. पाणी मापाच्या चौपट, निम्मं आधीच उकळून ठेवलेलं. पातेलं 45-50 लिटरचं हवं. तळाला लागते, म्हणून शेवटी आच अगदी बारीक. ढवळायला आणि भांडी घासायला तरुण संघाची पोरं लावा. पाळीपाळीने एकेका घराकडे जेवण देऊ नका. पहिल्या घरी लोणचं येतं, दुसऱ्या घरी शिरा, आणि तिसऱ्या शुक्रवारी उपवासाची थेट मेजवानी होते.

पैसे साठवायचे डबे राखेच्या बुधवारीच वाटा, घरटी एक. ज्या दिवशी जे शिजलं नाही, त्याचे पैसे त्याच दिवशी डब्यात. महिन्याच्या शेवटी आठवून टाकायचे म्हटलं की कोणी टाकत नाही. पैसे कुठे जाणार, तेही पहिल्याच दिवशी जाहीर करा. सीपीआर या सरकारी दवाखान्यात खेड्यांतून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांचं जेवण, असं काहीतरी नेमकं. नंतर ठरवू म्हटलं की पैसे चर्चच्या रंगकामात आणि स्पीकरमध्ये जातात, आणि इतके दिवस पोटाला चिमटा घेतलेल्या लोकांचं मन उतरतं. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना झाली की डबे सगळ्यांसमोर उघडा. कोणाच्या डब्यात किती, हे मात्र मोजू नका. सगळं एकाच चादरीवर ओता. गुप्तपणा हवा तो इथे.

राखेच्या बुधवारी राख लावणार असाल तर गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या वापरा. हीर काढून फक्त पाती लोखंडी कढईत जाळा, काळी असतानाच थांबवा, कुटून मलमलच्या फडक्यातून गाळा. पांढरी पडेपर्यंत जाळली तर कपाळावर दिसत नाही. ओली करायची तर खोबरेलाचे दोन-चार थेंब. पाणी घालू नका: राखेत पाणी मिसळलं की क्षार उतरतो आणि कातडी भाजते, लहान मुलांची तर लगेच.

एक राहिलं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांनी दिवसभर उपाशी राहू नये. त्यांनी चहा किंवा टीव्ही सोडावा, डब्यात पैसे टाकावेत. जेवण सातला सांगितलं असेल तर पाळकांचं (धर्मगुरूंचं) प्रवचन पावणेसातला संपायला हवा. लांबलंच, तर या लोकांची ताटं मागच्या खोलीत आधी वाढा.