स्ट्रिप कापली की भाव वाढतो का?

प्रश्न : आईच्या रक्तदाबाच्या १५ गोळ्यांची स्ट्रिप ३३ रुपयांना आहे. सुट्या १० घेतल्या तर औषध दुकानदार २५ रुपये लावतो. ‘सरकारी भावाच्या औषधात आम्हाला सुटतंच काय?’ म्हणतो. हे चालतं का?

उत्तर : नाही. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार सुट्या गोळीचा भाव छापील किमतीच्या प्रमाणातच हवा. ३३ भागिले १५, म्हणजे गोळीला २.२०. दहांचे २२ रुपये झाले. वरचे तीन बेकायदा. कर छापील किमतीत धरलेलाच असतो, ‘वर कर लागतो’ ही सबब ऐकू नका.

त्याचं रडगाणं मात्र अगदीच खोटं नाही. अत्यावश्यक औषधांच्या सरकारी यादीतल्या औषधाची कमाल किंमत ठरवताना दुकानदारासाठी १६ टक्के धरतात : १०० चे ११६, वर जीएसटी. भाडं, फ्रिजचं वीजबिल, फार्मासिस्टचा पगार सगळं त्यातूनच. गोळी कधी, कशी घ्यायची हे समजावण्याचा वेगळा आकार त्या सूत्रात नाही, मग पाच मिनिटं कोण देणार? कापून उरलेल्या ५ गोळ्यांची मुदत संपली तर तोटाही त्याचाच.

बॅच क्रमांक आणि मुदत छापलेला तुकडा बहुधा दुकानातच राहतो; दोन्ही बिलावर उतरवून घ्या. एखादी बॅच परत मागवली गेली तर तेवढाच पुरावा. आणि गोळी रोजचीच असेल तर सरळ दोन स्ट्रिपा घ्या : ३० दिवस, ६६ रुपये.