मूल उशिरा बोलतंय? जीभ कापायच्या आधी कान तपासा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा. जेमतेम पंचवीस शब्द बोलतो, ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणतो. सासूबाई म्हणतात, ‘याचा बापही उशिराच बोलला.’ शेजारच्यांनी जिभेखालचा पडदा कापून घ्यायला सांगितलंय. आणि तुम्ही विचारलंय, नेमकी कोणती टेस्ट करायची? अठरा वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जिभेचं आधी उरकते. आरशासमोर उभ्या राहून ‘त’ म्हणा, मग ‘क’ म्हणा. ‘त’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांना टेकतं. ‘क’ला जिभेची मागची बाजू टाळूला लागते, टोक खालीच राहतं. तुमचा मुलगा ‘क’च्या जागी ‘त’ म्हणतो, म्हणजे टोक व्यवस्थित उचलतोय. जिभेखालचा पडदा अडवणार असेल तर टोकाला अडवेल. तो कापून ‘काका’ येणार नाही. शिवाय क-गच्या जागी त-द येणं या वयात बऱ्याच मुलांमध्ये दिसतं, आणि चार वर्षांच्या आसपास ते बहुतेकांचं आपोआप सुटतं.

मला काळजी वाटली ती पंचवीस शब्दांची. दोन वर्षांचं मूल साधारण पन्नास शब्द बोलतं आणि ‘आई ये’, ‘दूध नको’ असे दोन-दोन शब्द जोडायला लागतं. उशिरा बोलण्याचा कल घराण्यात असू शकतो, सासूबाईंचं त्यात काही चुकलेलं नाही. पण म्हणून तीन वर्षांनंतर नुसती वाट बघायची नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘ऐकू तर येतं, कुकरची शिट्टी झाली की पळत येतो.’ या वाक्यापाशी मी अडले.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे साडेतीन वर्षांची एक मुलगी आली. टाळी वाजवली की वळायची, दार वाजलं की धावायची. आई म्हणाली, सगळं ऐकते, फक्त हट्टी आहे. मी विश्वास ठेवला. कानाची तपासणी ‘नंतर करू’ म्हटलं आणि शब्द शिकवत बसले. चार महिन्यांनी एकदा चित्रांचं पुस्तक चुकून माझ्या तोंडासमोर आलं आणि मी ‘ससा’ म्हणाले. ती उठली, टेबलावर ओणवी झाली आणि पुस्तकाच्या कडेवरून माझे ओठ बघायला लागली. तपासणीत खालच्या पट्टीतले आवाज जवळजवळ नीट आले आणि वरच्या पट्टीत आलेख घसरत गेला. दार, टाळी, गाडी ऐकू यायची, पण ‘स’ आणि ‘श’ तिच्यापर्यंत पोचतच नव्हते. ते चार महिने माझ्या चुकीने गेले. तेव्हापासून कान तपासल्याशिवाय मी चित्रांचं पुस्तक उघडत नाही.

तर पहिली पायरी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ. तीन वर्षांच्या मुलाची तपासणी खेळातूनही होते: आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा. दोन दिवस घरी हा खेळ खेळून न्या, काम सोपं होतं. नाही जमलं तर बेरा करतात, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूकडे पोचतो का हे बघणारी टेस्ट. कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवून, मूल झोपलेलं असताना. त्यामुळे त्या दिवशी मुलाला पहाटे उठवा आणि रस्त्यात झोपू देऊ नका. ‘ओएई’ या कानाच्या दुसऱ्या टेस्टमध्ये ‘पास’ एवढ्यावर मात्र थांबू नका. ती टेस्ट आतल्या कानातल्या पेशींचं काम सांगते, पुढच्या नसेचं नाही.

कान नीट निघाले तर मग थेरपिस्टने समज बघायची. घरीही करून बघा: हात न दाखवता, चपलेकडे न बघता म्हणा, ‘बाबांची चप्पल आण.’ आपण बोलताना नकळत बोट दाखवतो, मान वळवतो आणि मूल त्यावरून ओळखतं. खुणेशिवाय समजत असेल आणि फक्त बोलणं मागे असेल तर एक चित्र. समजही मागे असेल तर वेगळं. त्याबरोबर हाक मारल्यावर बघतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, काही आवडलं की तुमच्याकडे वळून हसतो का, हेही सांगा. हे होत नसेल तर ऑटिझमच्या दृष्टीनेही तपासतात.

शब्द वाढले की थेरपिस्टने मराठीतून ऐकायला हवं, हा माझा आग्रह आहे. एखादं मूल ‘ताता थुल्चीवल बछले’ म्हणत असेल तर उच्चार कच्चे, पण भाषा पक्की. दुसरं स्वच्छ उच्चारात ‘काका खुर्ची बस’ म्हणतं. तिथे ‘वर’ गळलाय, क्रियापद बदललेलं नाही. ऐकणाऱ्याला दुसरं मूल जास्त बरं वाटतं, पण त्याला मदत जास्त लागते. इंग्रजी शब्दांची यादी वाचून घेतली तर हा फरक सापडणार नाही. आणि दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल मागे पडत नाही, तेव्हा मामाकडची कानडी बंद करू नका.

आवाज घोगरा आहे असंही ओझरतं लिहिलंय. तीन आठवड्यांहून जास्त टिकला असेल तर ईएनटीकडून स्वरयंत्र बघून घ्या. आरडाओरड्याने स्वरतंतूंवर गाठी येतात. कमी ऐकू येणारी काही मुलंही जोरात बोलतात, म्हणून हेही ऑडिओलॉजिस्टच्या कानावर घाला.

कुठे जायचं? वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, 1983 पासून. तुम्हाला मुंबई लांब, तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं केंद्र आहे का विचारा. तिथे तपासणी मोफत असते. खाजगीत गेलात तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे ना, हे विचारायला संकोचू नका.

जाताना जेवताना-खेळताना घेतलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ न्या. अनोळखी खोलीत पुष्कळ मुलं गप्प बसतात, आणि घरच्या व्हिडिओत मला तिथल्या तासाभराच्या भेटीपेक्षा जास्त सापडतं. टिंपॅनोमेट्रीच्या, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का हे बघणाऱ्या टेस्टच्या, रिपोर्टवर ‘बी टाइप’ लिहिलेलं दिसलं तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं असू शकतं. सर्दीवाल्या मुलांत हे वारंवार होतं आणि उपचाराने बरं होतं. रिपोर्ट आला की इथेच लिहा, मी बघते.